थोरला, मधला आणि धाकटा : अमेरिकेंतील पिकअपची कथा

अमेरिकेंतील एखादा सुतार किंवा शेतकरी नवा पिकअप घेण्यासाठीं विक्रेत्याच्या आवारांत शिरतो, तेव्हां त्याच्यापुढें बहुधा एकच प्रश्न असतो : थोरला घ्यावा कीं मधला? थोरल्याच्या हौद्यांत, चाकांवरील दोन कमानींच्या मधून, चार फूट रुंदीचा प्लायवूडचा तक्ता सपाट बसतो. मधल्याच्या हौद्यांत तीच जागा सुमारें ४५ इंचांची असल्यामुळें तक्ता कमानींवर टेकतो, आणि तो समपातळींत राहावा म्हणून खालीं आडव्या लांकडी पट्ट्या घालाव्या लागतात. थोरला दहा हजार पौंडांहून अधिक वजन मागें ओढूं शकतो. मधल्याची ताकद सात-साडेसात हजारांच्या आसपास संपते. उलट मधला अरुंद रस्त्यांत सहज वळतो, घरच्या गॅरेजांत मावतो आणि पेट्रोलहि बेतानें पितो. हा हिशेब मांडतांना गिऱ्हाइकाची समजूत असते कीं, निवड आपण करीत आहों. ती समजूत अगदींच खोटी नाहीं. परंतु ज्या दोन गाड्यांमधून तो निवड करतो त्या तशा कां झाल्या, आणि धाकटी म्हणावी अशी तिसरी गाडी त्या आवारांतून बरीच वर्षें कां नाहींशी झाली होती, हें शोधूं गेल्यास माग थेट कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जातो.

आरंभीं असला कांहींच भेद नव्हता. मोटारीची मागची बाजू कापून तेथें लांकडी पेटी ठोकण्याचा उद्योग अमेरिकन शेतकरी स्वतःच करीत असत. फोर्ड कंपनीनें १९१७ सालीं एक टनाचा नुसता सांगाडा विकावयास काढला. वरचा साज ज्यानें त्यानें चढवावा. पुढें एप्रिल १९२५ मध्यें तिनें मॉडेल टी मोटारीला कारखान्यांतच पोलादी हौदा बसवून ती गाडी २८१ डॉलरांना बाजारांत आणली. इंजिन वीस अश्वशक्तीचें आणि हौदा पुरता पांच फूटहि लांब नव्हता. अशा सुमारें ३४ हजार गाड्या खपल्या. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४८ सालच्या नमुन्यापासून, फोर्डनें एफ-मालिका सुरू केली व तिच्यांतील सर्वांत हलक्या गाडीला अर्ध्या टनाची गाडी म्हणूं लागले. हें नांव आजहि चालतें. मात्र गांवोगांवच्या पायलीप्रमाणें या अर्ध्या टनाचेंहि माप बदलत गेलें, आणि त्या नांवाची आजची गाडी अर्ध्या टनाहून कितीतरी अधिक ओझें वाहते.

आतां कोंबड्यांकडे वळावयास हवें. महायुद्धानंतर अमेरिकेंत कुक्कुटपालनाला कारखान्याचें रूप आलें. एके काळीं सणासुदीला शिजणारी कोंबडी रोजच्या ताटांत आली, आणि उरलेला माल गोठवून युरोपकडे, विशेषतः पश्चिम जर्मनीकडे, जाऊं लागला. तेथील शेतकऱ्यांनीं ओरड केली. युरोपीय आर्थिक समाजानें १९६२ सालीं बाहेरच्या कोंबड्यांवरील जकात इतकी वाढविली कीं, अमेरिकेची निर्यात झपाट्यानें घसरली. वाटाघाटी झाल्या, तज्ज्ञांचें मंडळ बसलें, आणि अमेरिकेचा २ कोटि ६० लाख डॉलरांचा व्यापार बुडाल्याचें ठरलें. त्याचा वचपा म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं ४ डिसेंबर १९६३ रोजीं बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार जिनसांवर जकात चढविली. ट्रकांवर ती शेंकडा २५ होती. नेम होता जर्मनीच्या फोक्सवॅगन गाड्यांवर. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमानुसार ती सर्वच देशांच्या मालावर बसली. पुढें स्टार्च सुटला, ब्रँडी सुटली. ट्रक मात्र सुटला नाहीं. कोंबड्यांचें भांडण लोक केव्हांच विसरले, तरी १९६४ च्या जानेवारींत सुरू झालेली ही जकात साठाव्या वर्षींहि जागच्या जागीं होती.

तिचा खरा फटका जपानला बसावयाचा होता, कारण धाकटा पिकअप अमेरिकेंत रुजविला तो जपानी कारखानदारांनीं. डॅटसनचा छोटा ट्रक १९५० नंतरच्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियांत दिसूं लागला. टोयोटा मागोमाग आली. जकातींतून त्यांनीं जी वाट काढली ती पाहून कोणत्याहि वकिलानें मान डोलवावी. हौद्यासह आलेली गाडी म्हणजे ट्रक, तिला शेंकडा २५. पण हौद्यावांचून आलेला सांगाडा म्हणजे अर्धवट गाडी, तिला शेंकडा ४! म्हणून गाड्या बंदरावर उघड्या पाठीनें उतरत आणि हौदे अमेरिकेंत चढत. टोयोटासाठीं तर लाँग बीच येथें हौदे बनविण्याचा कारखानाच उभा राहिला. अमेरिकन कंपन्याहि या सोवळ्याबाहेर राहिल्या नाहींत. १९७२ पासून शेव्हरलेनें इसुझूकडून आणि फोर्डनें माझ्दाकडून छोटे पिकअप घेऊन ते स्वतःच्या नांवानें विकले. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, पेट्रोलपंपांसमोर रांगा लागल्या, आणि धाकट्याचे दिवस आले. पण १९८० सालीं सरकारनें सांगाड्यालाहि ट्रकच ठरविलें व ती वाट बुजविली. तेव्हां निसाननें टेनेसी संस्थानांत स्मर्ना येथें कारखाना काढला, आणि १९८३ च्या जूनमध्यें तेथून बाहेर पडलेली पहिली गाडी पिकअपच होती.

इकडे थोरल्याची कुंडली निराळ्याच कायद्यानें लिहिली जात होती. १९७५ च्या नमुन्यापासून नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारें उपकरण लावणें आणि त्यासाठीं शिसेंविरहित पेट्रोल वापरणें ओघानेंच आलें. गाडी, माल आणि माणसें मिळून ज्यांचें कमाल वजन सहा हजार पौंडांहून अधिक, अशा ट्रकांना त्यांतून सूट होती. फोर्डनें त्याच वर्षीं एफ-१५० नांवाचा नवा पिकअप काढला. त्याचें कमाल वजन होतें ६,०५० पौंड. पन्नास पौंड म्हणजे तांदळाचें लहानसें पोतें; पण तेवढ्यानें गाडी नियमाच्या कुंपणापलीकडे गेली. १९७७ पासून फोर्डची ही मालिका अमेरिकेंत सर्वांत अधिक खपणारी पिकअप-मालिका ठरली. थोरल्याच्या वाढीला रुंदीची तेवढी एक मर्यादा आहे : ८० इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला टपावर खुणेचे जादा दिवे लावावे लागतात, म्हणून हे पिकअप ८० इंचांच्या अगदीं कांठावर येऊन थांबतात. लांबीला असा अडसर नसल्यामुळें कांहीं गाड्या वीस फुटांच्या नेहमींच्या गॅरेजांत मावेनाशा झाल्या आहेत.

मधला जन्माला आला तो या दोघांच्या फटींतून. फोर्डनें रेंजर व शेव्हरलेनें एस-१० हे देशी धाकटे पिकअप १९८० नंतर लगेच काढले होते. डॉज कंपनीनें १९८७ च्या नमुन्यापासून डकोटा आणला तो धाकट्याहून मोठा आणि थोरल्याहून लहान असा, मुद्दाम बेतलेला. ही मधली जागा इतरांनाहि मानवली. टोयोटाचा टकोमा धाकटा म्हणून आला आणि २००५ मध्यें अंग भरून मधल्यांत जाऊन बसला.

अखेर धाकट्याचा वंश खुंटला. २०११ च्या नमुन्यापासून इंधनाच्या काटकसरीचें उद्दिष्ट गाडीच्या चार चाकांमधील क्षेत्रफळावरून ठरूं लागलें : क्षेत्रफळ लहान तर अपेक्षा कडक, मोठें तर सैल. नियम करणारांचा हेतु वाईट नव्हता. प्रत्येक आकाराच्या गाडीनें आपापल्या परीनें सुधारावें एवढेंच त्यांना हवें होतें. पण ठोकळ्यासारख्या छोट्या पिकअपकडून जवळजवळ छोट्या मोटारीएवढी काटकसर मागितली गेली. हें एकच कारण होतें असें मात्र नाहीं. रेंजरचा आराखडा जुनाट झाला होता, आणि थोरल्यांतील नफा कारखानदारांना अधिक गोड लागत होता. २०११ सालीं डकोटा संपला. त्याच डिसेंबरांत सेंट पॉल येथील फोर्डचा कारखानाहि बंद झाला व रेंजर अमेरिकेच्या बाजारांतून गेला. पहिल्या पिकअपचें साल तेंच या कारखान्याच्या उद्घाटनाचें साल, १९२५. मुंबईच्या महिंद्र कंपनीनेंहि याच सुमाराच्या दशकांत अमेरिकेंत मध्यम आकाराचा डीझेल पिकअप विकण्याची योजना आंखली होती. तो एकाहि गिऱ्हाइकाच्या दारांत पोंचला नाहीं.

ज्याला आठवड्यांतून दोन खतांच्या गोणी आणि एक शिडी न्यावयाची, अशा माणसानें मग काय करावें? पुष्कळांनीं निमूटपणें थोरला घेतला आणि त्याचे हप्ते भरले. ओझें ओढणाराला, बांधकामाच्या मुकादमाला थोरला योग्यच होता. गरज नसलेल्यालाहि तो घ्यावा लागला, ही तक्रार उरते. २०१४ च्या शरदांत शेव्हरलेनें कोलोरॅडो हा मधला पिकअप नव्या रूपांत आणला तेव्हां ती तक्रार थोडीशी निवाली. २०१९ मध्यें रेंजरहि परतला. पण चार दारांचा हा रेंजर १९८३ च्या आंखूड रेंजरपेक्षां सुमारें तीन फूट लांब होता. मग २०२१ सालीं फोर्डनें मॅव्हरिक काढला : मूळ किंमत वीस हजार डॉलरांहून किंचित् कमी, इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार, आणि जुळणी मेक्सिकोंत, म्हणजे कोंबड्यांच्या जकातीपासून मुक्त. मागणी इतकी आली कीं, जानेवारी २०२२ मध्यें कंपनीनें त्या वर्षाच्या गाड्यांची नोंदणीच थांबविली. या मॅव्हरिकला आतां धाकटा म्हणतात. १९८३ च्या त्या रेंजरशेजारीं उभा केला तर तो दोन फुटांनीं पुढें येतो.