चिचुंद्री

चिचुंद्री : सस्तन वर्गाच्या सोरिसिडी कुलातील लहान, निशाचर, मांसाहारी प्राणी. शास्त्रीय नाव सुंकस म्युरिनस; या जातीचे वर्णन लिनीअस यांनी 1766 मध्ये केले. मूळची दक्षिण आशियातील ही जाती जहाजांतील मालाबरोबर पूर्व आफ्रिकेचा किनारा व हिंदी महासागरातील बेटे येथवर पसरली. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यासारख्या उसाच्या आणि दाट वस्तीच्या भागात घराच्या जोत्यातील फटी, गोठे, पाचटाचे ढीग व उघडी गटारे ही तिची राहण्याची ठिकाणे होत.

तिची गणना उंदरांत केली जाते, ती सर्वस्वी चुकीची आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते व दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. चिचुंद्रीच्या जबड्यात मात्र लहान, अणकुचीदार दातांची सलग रांग असून पुढचे दात चिमट्यासारखे पुढे आलेले असतात, त्यामुळे ती कुरतडत नाही, तर भक्ष्य पकडून चावते. मुस्कट लांब व सतत हलते, डोळे टाचणीच्या डोक्याएवढे आणि शेपूट बुडाशी जाड, विरळ लांब केसांची असते. आणखी एक भेद वैद्यकाच्या उपयोगी पडला आहे : उंदराला उलटी होत नाही, चिचुंद्रीला होते, आणि म्हणून उलटीवरील औषधांच्या संशोधनासाठी जपानमध्ये ती प्रयोगशाळेत पाळली गेली.

झुरळे, रातकिडे, भुंगेरे, गांडुळे हे तिचे मुख्य अन्न असून खरकटेही ती खाते. नजर अधू असल्याने वास, स्पर्श व श्रवण यांच्या आधारे ती भिंतीच्या कडेकडेने चिरक्या आवाजात चीत्कार करीत फिरते. कुशीतील ग्रंथींतून सुटणाऱ्या उग्र दर्पामुळे मांजर पुष्कळदा तिला मारते, पण खात नाही. गर्भकाळ सुमारे 30 दिवसांचा असतो. घरटे हलवण्याची वेळ आली, की एक पिलू आईच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी धरते, दुसरे पहिल्याला धरते, आणि अशी अखंड माळ आईमागोमाग चालू लागते. हे दृश्य सस्तन प्राण्यांच्या वर्तनातील अतिशय देखणे उदाहरण होय.

चिचुंद्री भारतात जे जीवन जगते, तेच ऑस्ट्रेलियात डॅसियुरिडी कुलातील डनार्ट, प्लॅनिगेल, अँटेकिनस यांसारखे छोटे मांसाहारी शिशुधान प्राणी जगतात. शिशुधान म्हणजे अपक्व अवस्थेत जन्मलेली पिले स्तनाग्राला चिकटून, बहुधा पोटावरील पिशवीत वाढवणारे सस्तन प्राणी. जाड शेपटीच्या डनार्टचा गर्भकाळ अवघा 13 दिवसांचा असतो, म्हणजे जी वाढ चिचुंद्रीच्या गर्भाशयात होते, तिचा मोठा भाग तेथे पिशवीत पार पडतो. शिवाय हा डनार्ट शेपटीत चरबी साठवतो आणि अन्नटंचाईत शरीराचे तापमान उतरवून सुस्त पडतो. प्लॅनिगेलची कवटी इतकी चपटी असते, की तो भेगाळलेल्या चिकण मातीच्या चिरांत शिरून शिकार करतो. अँटेकिनसचे सर्व नर विणीच्या एकाच हंगामानंतर, वयाचे वर्ष पुरे होण्याआधी मरतात, कारण त्या काळात ताणाची संप्रेरके बेसुमार वाढून त्यांची रोगप्रतिकारशक्ती ढासळते. या प्राण्यांशी चिचुंद्रीचे जवळचे नाते नाही. सारख्या आहारामुळे व राहणीमुळे दोन दूरच्या वंशांत सारखी ठेवण घडून येण्याच्या या प्रक्रियेला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. भारतात आज एकही शिशुधान प्राणी रानात नाही, तथापि गुजरातमधील सुरत जिल्ह्यात वस्तान येथील लिग्नाइट खाणीत इओसीन युगाच्या आरंभीचे त्यांचे जीवाश्म सापडले आहेत.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिचुंद्रीच्या मूत्रातून पसरू शकतात, म्हणून अन्न-पाणी झाकून ठेवणे व तिला उघड्या हाताने न धरणे आवश्यक असते. परंतु ती उभा ऊस कुरतडत नाही की धान्याची पोती फोडत नाही. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड मिसळून ठेवलेल्या पिठाच्या गोळ्यांनी तिचाही जीव जाऊ शकतो, तेव्हा घरात व गोठ्यात विषाऐवजी पिंजरा लावणे आणि त्यात चिचुंद्री अडकल्यास तिला बांधावर सोडून देणे इष्ट ठरते.