गुराबेचा रंग

सातारा-सांगलीकडे दिवाळीत घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात. बुरूज चुकला, तर सातारकरांना ताडून पाहण्यास अजिंक्यतारा समोरच असतो. मराठी आरमारातील गुराबेची प्रतिकृती करू पाहणाऱ्यास हा आधार नाही. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद मान्य केले. पण १७५६ च्या फेब्रुवारीत, पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत, आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले.

मग आकार कोठून घ्यावा? आम्ही इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मचे वर्णन प्रमाण मानतो. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीनांची ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, पुढे चोचीसारखी निमुळती नाळ. एवढ्यावर सांगाडा उभा राहतो. रंग मात्र त्यात नाही.

येथे मोह होतो तो लंडनवासी डॉमिनिक सेरेसने रंगविलेल्या विजयदुर्गाच्या लढाईच्या चित्राचा. परंतु तो तेथे हजर नव्हता, आणि चित्र जेत्यांच्या गौरवाचे आहे. तेथील रंग उचलणे म्हणजे पराभवाच्या चित्रावरून आपले जहाज सजविणे होय.

म्हणून आमचे मत असे, की सागवान तेल लावून उघडे ठेवावे आणि पाण्याखालच्या भागास चुना-तेलाच्या लेपाचा पांढुरका हात द्यावा; पश्चिम किनाऱ्यावर तशी रीत होती. हे अनुमान आहे, हेही प्रतिकृतीखालच्या पाटीवर लिहावे.