बेंटलेच्या जबानीतला 'मग'

इंग्लंडमध्ये डेरेक बेंटले या १९ वर्षांच्या तरुणाला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी देण्यात आली. गोळी त्याने झाडली नव्हती. ती झाडणारा ख्रिस्तोफर क्रेग १६ वर्षांचा, म्हणून फाशीतून वाचला. माइल्स हा पोलीस शिपाई ठार झाला तेव्हा बेंटले पोलिसांच्या हाती सापडलेला होता. पण पुराव्यात त्याची जबानी होती. बेंटलेला धड लिहिता-वाचता येत नसे. तो बोलत गेला आणि आपण प्रश्न न विचारता शब्दशः उतरवून घेतले, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले.

ते खरे होते का, हे ४० वर्षांनंतर ठरवायचे कसे? ध्वनिफीत नव्हती, उरला होता ५८२ शब्दांचा कागद. अशा कागदाकडे पाहण्याची वाट स्वीडनचे यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये दाखवली होती. टिमथी इव्हान्स या १९५० साली फाशी गेलेल्या माणसाच्या जबान्या त्यांनी तपासल्या, तेव्हा कबुलीचा भाग आणि बाकीचा भाग यांचे व्याकरण जुळेना. 'न्यायसाहाय्यक भाषाविज्ञान' हे नाव त्यांच्या त्या पुस्तिकेच्या शीर्षकातच होते. पुढे १९९०च्या दशकात माल्कम कूल्थार्ड यांनी बेंटलेची जबानी हाती घेतली आणि तीतला 'देन', म्हणजे 'मग', मोजला.

तो १० वेळा आला होता, दर ५८ शब्दांमागे एकदा. साध्या साक्षीदारांच्या जबान्यांत तो ९३० शब्दांमागे एकदा, तर पोलिसांच्या जबान्यांत ७८ शब्दांमागे एकदा आढळला. शब्दांचा क्रम तर अधिकच बोलका. इंग्रज माणूस बोलताना सहसा 'देन आय' म्हणतो. जबानीत 'आय देन' होते. बोलीच्या नमुन्यांत हा क्रम १,६५,००० शब्दांमागे एकदा, बेंटलेच्या जबानीत १९० मागे एकदा, पोलिसांच्या जबान्यांत ११९ मागे एकदा! आपल्याकडे 'सदर ठिकाणी गेलो असता' असे घरी कोणी बोलत नाही, ते पंचनाम्यातच भेटते, तसेच हे. शिवाय ख्रिस तोवर काही बोलला नव्हता, अशा अर्थाची नकारार्थी वाक्येही तिथे होती. न घडलेली गोष्ट माणूस आपणहून क्वचितच सांगतो. कोणी विचारले तर सांगतो.

मात्र या मोजणीने बेंटले निर्दोष ठरला, असे वर्गात सांगू नये असे आम्हांला वाटते. कागदावरचे सगळे शब्द त्याचे नसावेत, एवढेच ती दाखवते. ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निर्णय रद्द केला, तो मुख्यतः मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीला एकतर्फी मार्गदर्शन केले म्हणून. त्यासाठी ४० वर्षांहून अधिक काळ झगडलेली त्याची बहीण आयरिस १९९७ सालीच वारली होती.