बुद्ध्यांक: आकडा खरा, पण मोजपट्टी कोणाची?

"डॉक्टर, पोराचं डोकं चालत नाही असं शाळेत सांगितलंय." मनोरच्या आसपासच्या पाड्यांवरचे आईबाप हे दबक्या आवाजात सांगतात. म्हणून बुद्ध्यांकाचा इतिहास थोडा समजून घेऊ.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करायची, एवढाच हेतू होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे बिने यांना मान्य नव्हते. पुढे अमेरिकेत मात्र त्याच चाचणीवरून माणसांची प्रतवारी सुरू झाली.

परदेशी प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे चालणार नाहीत, हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी बदलून घेतली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले. 'बिने-कामत चाचणी' आजही वापरात आहे. पण घरी वारली बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठीही नवीनच असते.

लायबेरियातल्या केपेले शेतकऱ्यांना संशोधकांनी वस्तूंचे गट करायला सांगितले. त्यांनी चाकू संत्र्याबरोबर ठेवला, कारण चाकूने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच करील, असे त्यांचे म्हणणे. "मग मूर्ख कसे करील?" असे विचारल्यावर त्यांनी खाण्याच्या वस्तू एकीकडे आणि अवजारे दुसरीकडे लावली. संशोधकांना हवे होते तेच हे उत्तर!

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी जाणले होते. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांना दोष न देता त्यांनी शाळेची रीत बदलली.

याचा अर्थ चाचणी टाळा असा नाही. बौद्धिक अक्षमता खरोखर असते, आणि ती लवकर कळली तर प्रशिक्षण व सवलती मिळतात. पण आधी मुलाचे कान, डोळे, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड तपासून घ्या. फिट येत असल्यास डॉक्टरांना सांगा. चाचणी करणाऱ्यांना मुलाची घरची भाषा आधीच सांगा. आणि घरी मूल कोणती कामे स्वतःहून करते, याची यादी सोबत न्या. निदानासाठी तीही आकड्याइतकीच महत्त्वाची असते.