मानसोल्लासातील मत्स्यविनोद आणि दख्खनची मत्स्यनामे

गळाने मासे धरणे ही कृती अतिप्राचीन होय. परंतु उदरनिर्वाहासाठी मासे धरणे आणि विनोदासाठी, म्हणजे केवळ कौशल्याच्या आनंदासाठी, मासे धरणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ह्यांपैकी दुसरी गोष्ट हिंदुस्थानात इंग्रजांनी आणली, असा समज दीर्घकाळ रूढ होता. हेन्री सलिव्हन थॉमस ह्याच्या १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द रॉड इन इंडिया' ह्या ग्रंथासारख्या लेखनामुळे त्या समजाला बळकटी आली. नाशिकसह सर्व दख्खनच्या संदर्भात हा समज कितपत टिकतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

युरोपातील परंपरा जुनी आहे, ह्यात शंका नाही. लोकर आणि पिसे गळाला बांधून केलेल्या कृत्रिम माशीने मासे पकडण्याचे वर्णन रोमन लेखक एलियन ह्याने मॅसिडोनियातील एका नदीसंबंधी सुमारे इ. स. २०० च्या सुमारास केले आहे. इंग्रजी भाषेतील गळविषयक पहिला छापील प्रबंध १४९६ चा आहे. आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा असून, माशीच्या गळासंबंधीचे चार्ल्स कॉटनचे प्रकरण त्याला १६७६ मध्ये जोडले गेले. ह्या परंपरेचा आवडता मासा म्हणजे रानातील थंड ओढ्यांत राहणारा ट्राउट. सुमारे २० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्ण पाणी त्याला फार काळ मानवत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीर व निलगिरी येथे रुजला. सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या, उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या नद्यांत तो रुजणे शक्य नव्हते. येथे इंग्रज शिकाऱ्याने ट्राउटची जागा महसीर माशाला दिली.

ह्या पार्श्वभूमीवर 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' ह्या संस्कृत ग्रंथाचे महत्त्व ध्यानात येते. कल्याणीचा चालुक्य राजा भूलोकमल्ल सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६–११३८) हा त्याचा कर्ता. ग्रंथातील ज्योतिर्गणितासाठी शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हे वर्ष आधारभूत धरले असल्याने त्याचा काळ जवळजवळ निश्चित होतो. पाच विंशती आणि शंभर अध्याय अशी त्याची रचना असून चौथ्या, विनोदविषयक, विंशतीत 'मत्स्यविनोद' हा भाग येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली मत्स्यविनोदाचे स्वतंत्र विवेचन करून तो गळविद्येवरील अध्याय असल्याचे दाखविले.

त्या काळी नाशिक प्रदेश चालुक्यांच्या सार्वभौमत्वाखाली होता. सिन्नर येथे राजधानी असलेले सेउण यादव हे चालुक्यांचे मांडलिक होते. अंजनेरी येथील शके १०६३ चा शिलालेख ह्याच घराण्याचा आहे. मात्र मत्स्यविनोदातील वर्णन गोदावरीचेच आहे असे म्हणण्यास ह्यावरून आधार मिळत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, ज्या राज्यात हा प्रदेश मोडत होता त्या राज्याच्या अधिपतीने गळाचा खेळ हा शास्त्रशुद्ध विवेचनाचा विषय मानला. आणि तोही इंग्रजी प्रबंधाच्या सुमारे साडेतीन शतके आधी.

विवेचनाची रीत पद्धतशीर आहे. माशांचे समुद्रातील व नदीतील, तसेच खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग पाडले आहेत. कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून ठराविक जागी येण्याची सवय लावावी, दोरी व काठी कशी असावी, गळाला कोणते आमिष लावावे, हे क्रमाने सांगितले आहे. कृत्रिम माशीने फसविणे हे युरोपीय पद्धतीचे वैशिष्ट्य, तर खाद्याने विश्वास संपादणे हे सोमेश्वराच्या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणता येईल. दोन्हींत माशाच्या स्वभावाचे सूक्ष्म निरीक्षण गृहीत आहे.

हे निरीक्षण कोणाचे? येथे भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. सोमेश्वराने दिलेल्या मत्स्यनामांपैकी 'रोहित', 'पाठीन' अशी काही नावे अमरकोशात आढळतात; पुष्कळ आढळत नाहीत. कोशात नसलेली नावे राजाला ग्रंथांतून मिळालेली नसणार. ती पाण्यावर राबणाऱ्यांच्या बोलींतून आली, असे अनुमान करणे भाग आहे. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रियांची नोंद घेणाऱ्या ह्या ग्रंथकाराला लोकभाषेचे वावडे नव्हते. म्हणजे विनोद राजाचा असला, तरी विद्या मासेमाराची होती.

सातशे वर्षांनंतर हाच प्रकार पुन्हा घडला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ ते १८४१ ह्या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना त्याने स्थानिक नावेच दिली. टॉर खुद्री हा दख्खनचा महसीर, गारा मल्ल्या, सांडखोल, सींघाला ही नावे त्यामुळे जगाच्या शास्त्रीय नामावलीत स्थिर झाली. १९५२ साली चं. वि. कुलकर्णी ह्यांनी दुसऱ्या माशांची खवले खाणाऱ्या एका जातीला 'खवलचोर' हे नाव देऊन तीच प्रथा चालविली. प्रमाण मराठीत मात्र ह्या विद्येचे अवशेष मुख्यतः लक्षणेत उरले: माणूस 'गळाला लागतो', त्याला 'आमिष' दाखविले जाते. 'आमिष' ह्याचा मांस हा मूळ अर्थ आता 'सामिष', 'निरामिष' ह्या शब्दांतच जिवंत आहे.

नाशिकच्या अभ्यासकाला ह्यातून एक कर्तव्य प्राप्त होते. दारणा (१९१६) व गंगापूर (१९६५) ह्या धरणांनी गोदेच्या उगमाकडील प्रवाहाचे रूप पालटले. प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणाऱ्या माशांची वाट अशा बांधांनी अडते, आणि जलाशयांत कटला, रोहू, मृगळ ह्यांची बीजे सोडली जातात. मासा दिसेनासा झाला की त्याचे नाव एका पिढीपुरते आठवणीत राहते; नंतर ते उच्चारण्याचे कारणच उरत नाही. सोमेश्वराने एकदा आणि साइक्सने दुसऱ्यांदा भोई-कोळ्यांसारख्या जलोपजीवींचे शब्द टिपले, पण ते आपापल्या प्रयोजनापुरते. त्र्यंबकपासून नांदूर मधमेश्वरपर्यंतच्या मासेमारांकडून मत्स्यनामे, त्यांचे उच्चार आणि गळ-जाळ्यांची परिभाषा त्यांच्याच तोंडून नोंदविण्याचे कार्य भाषाशास्त्राच्या दृष्टीने झाले, तरच मत्स्यविनोदातील नावांशी त्यांची तुलना करता येईल. बाराव्या शतकातील ग्रंथाचा अर्थ लावण्याची किल्ली ह्या बोलींत आहे, आणि ग्रंथाप्रमाणे बोलीची दुसरी प्रत उपलब्ध नसते.