गुलामाची साक्ष

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील अथेन्स हे जसे नाटकांचे तसेच खटल्यांचेही नगर होते. तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ६००० न्यायपंच निवडले जात. आणि वसंतातील डायोनिससच्या उत्सवात अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर जो समुदाय नाटक पाहावयास बसे, त्यात फिर्यादी आणि जबान्या ऐकून कान तयार झालेली हीच मंडळी असत. सोफोक्लीझच्या ‘राजा ईडिपस’ या शोकात्मिकेत सत्य कोणत्या वाटेने बाहेर येते हे उमजावयाचे, तर हा प्रेक्षकवर्ग दृष्टीआड होऊ देता कामा नये.

थीब्झ नगरीत महामारी पसरली आहे. पूर्वीचा राजा लेयस याचा मारेकरी याच नगरीत आहे, त्याला घालवा, असा डेल्फीहून अपोलोचा कौल येतो. ईडिपस तत्काळ जाहीरनामा काढतो : त्या खुन्याला कोणी थारा देऊ नये, त्याच्याशी बोलू नये, देवकार्यात त्याला सामील करू नये. अथेन्समध्येही खुनाचा आरोप येताच आरोपीला बाजारपेठ आणि देवालये वर्ज्य होत, तेव्हा प्रेक्षकांना हे शब्द मुळीच परके वाटले नसतील. पुढे टायरेसियस हा अंध द्रष्टा राजालाच खुनी ठरवतो, आणि नाटक जेमतेम सुरू झाले असतानाच सत्य उच्चारले जाते. परंतु ते कोणीही मानीत नाही. पुरावा पाहिल्यावाचून आम्ही दूषण देणार नाही, असे वृद्ध नागरिकांचा वृंदही म्हणतो. माझ्या मते या नाटकातील सर्वांत अथीनियन उद्गार हाच होय.

मग तपास खाली उतरत जातो. देवाकडून द्रष्ट्याकडे, राणीकडे, कॉरिंथच्या जासुदाकडे, आणि अखेर लेयसच्या घरी जन्मलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळ गुलामाकडे. लेयसच्या हत्येतून वाचलेला एकटा मनुष्य हाच, आणि टाकून देण्यासाठी सोपवलेले अर्भक परक्याच्या हाती देणाराही हाच. राणी योकास्टेला सारे उमगलेले असते : लेयसचे ते टाकून दिलेले अर्भक म्हणजेच ईडिपस. चौकशी थांबवा, असे ती काकुळतीने विनवते. ईडिपस ऐकत नाही. जासूद आणि मेंढपाळ यांचा समोरासमोर मुकाबला होतो, म्हातारा बोलावयास कचरतो, तेव्हा त्याचे हात पाठीमागे पिरगळण्याचा हुकूम सुटतो. अथेन्सच्या कायद्यात गुलामाची जबानी सामान्यतः यातना देऊन घेतलेली असेल तरच ग्राह्य धरीत. स्वतंत्र नागरिकाची शपथ पुरेशी मानणाऱ्या आणि गुलामाचे सत्य त्याच्या देहातून पिळून काढू पाहणाऱ्या त्या व्यवस्थेचा मला मनापासून तिटकारा आहे. तरीही अपोलोचा कौल आणि द्रष्ट्याची वाणी यांनी जे सिद्ध झाले नाही, ते ज्याला नगराच्या कारभारात कवडीचाही अधिकार नव्हता त्या मनुष्याच्या साक्षीने सिद्ध झाले, हे सोफोक्लीझने रंगमंचावर मांडले.

आपला जन्म कितीही हीन निघाला तरी तो मला कळलाच पाहिजे, असे म्हणणारा हा राजा सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो, आणि ज्या जाहीरनाम्याने खुन्याला हद्दपार करावयाचे होते, त्याची अंमलबजावणी आपल्यावर करावी अशी मागणी योकास्टेचा भाऊ क्रेऑन याच्याकडे करतो. त्याच्या थोरवीचे कारण मला येथे दिसते : स्वतःच्या हुकमातून त्याने स्वतःला वगळले नाही.