हजार चेहऱ्यांचा नायक आणि रोहिणीचे पाणी

रविवारी विहारात भरणाऱ्या मुलांच्या वर्गात आम्ही एकदा साधा प्रश्न विचारला. सिद्धार्थाने घर का सोडले? सगळे हात वर गेले आणि सगळ्यांचे उत्तर एकच निघाले. त्याने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिले, संन्यासी पाहिला. मग मध्यरात्री बायको-मूल झोपेत असताना घोड्यावर बसून तो निघून गेला. मुलांचा काही दोष नाही. चित्रकथेत, मालिकेत, सिनेमात हीच गोष्ट आहे. पण त्याच विहाराच्या कपाटात, कापडात नीट गुंडाळून, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ठेवलेला आहे. या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी ही गोष्ट बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली आहे. म्हणजे आम्ही ग्रंथाला वंदन करतो आणि ग्रंथाने खोडलेली गोष्ट मुलांना शिकवतो! हे असे का होते?

आमच्या मते याचे एक कारण गोष्टीच्या साच्यात आहे.

जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' हे पुस्तक लिहिले. जगातल्या सगळ्या पुराणकथांच्या मुळाशी एकच कथा आहे, असे त्याचे म्हणणे. नायक आपल्या रोजच्या जगात असतो. त्याला एक हाक येते. तो घर सोडतो, कसोट्यांतून जातो, मोठ्या शत्रूला जिंकतो आणि काहीतरी अमोल घेऊन आपल्या लोकांत परततो. प्रस्थान, कसोटी, पुनरागमन असे तीन टप्पे. त्याच्या आधी ऑटो रँकने १९०९ मध्ये आणि लॉर्ड रॅगलनने १९३६ मध्ये नायककथांचे असे साचे मांडले होते. पण गाजला तो कॅम्पबेलच. जॉर्ज लुकासने 'स्टार वॉर्स' रचताना त्याचा आधार घेतला आणि पुढे हॉलिवूडच्या पटकथाकारांना हा साचा पाठच झाला.

या पुस्तकात कॅम्पबेलने बुद्धालाही या साच्यात बसवले. चार दृश्ये म्हणजे नायकाला आलेली हाक. बोधिवृक्षाखालचा मार म्हणजे मोठा शत्रू. ज्ञानप्राप्तीनंतर उपदेश करावा की नाही, हा बुद्धाचा संकोच म्हणजे नायकाने परतीला दिलेला नकार. सगळे कसे चपखल बसते. पण जे इतके चपखल बसते, त्यातून काय काय कापून टाकले आहे, हे तपासायला नको का?

आता पाली साहित्याकडे येऊ. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात. तिथे चार दृश्ये नाहीत आणि मध्यरात्रीचे पलायनही नाही. आई-वडिलांची इच्छा नव्हती, ते रडत होते, आणि आपण केस-दाढी उतरवून, काषाय वस्त्रे घालून घर सोडले, असे ते सांगतात. मग चार दृश्ये आली कुठून? दीघ निकायातील महापदान सुत्तात ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात आहेत. पुढे अट्ठकथांच्या काळात तीच कथा गोतमाच्या चरित्राला चिकटली. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या १९४० च्या ग्रंथात मराठी वाचकांसमोर ही तपासणी ठेवली होती. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचा संबंध माणसांच्या आपसातल्या भांडणांशी आणि शस्त्र हाती घेण्यातून येणाऱ्या भयाशी जोडला. थोडक्यात, एका चरित्रातला साचा दुसऱ्या चरित्रावर बसवण्याचे काम कॅम्पबेलच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडेच झाले होते.

बाबासाहेबांनी हा साचा नेमका कुठे मोडला, ते पाहू. त्यांचा पहिला प्रश्न अगदी सरळ आहे. सिद्धार्थाने वयाच्या २९ व्या वर्षी परिव्रज्या घेतली. म्हातारपण, आजार आणि मरण या रोजच्या गोष्टी. त्या त्याला २९ वर्षे दिसल्याच नाहीत, हे कसे मानायचे?

मग ते वेगळी हकीकत मांडतात. सिद्धार्थ २० व्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला. सभेला हजर राहणे, कोणाही शाक्याचा दोष दिसला तर न भिता बोलून दाखवणे, ही सभासदाची कर्तव्ये त्याने आठ वर्षे पाळली. रोहिणी नदी ही शाक्य आणि कोलिय यांच्यामधली सीमा. शेतीला पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोघांत मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि दुरुस्ती सुचवली. दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदान झाले. दुरुस्ती प्रचंड बहुमताने पडली. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या प्रत्येक शाक्याला सैन्यात भरती करण्याचा ठराव आला. सिद्धार्थाने उभे राहून सांगितले की मी भरती होणार नाही. शिक्षा काय? त्याला देहान्त किंवा देशत्याग, आणि घरच्यांवर सामाजिक बहिष्कार व जमिनीची जप्ती. घरच्यांवरचे संकट टळावे म्हणून त्याने स्वतःहून परिव्राजक होऊन देश सोडण्याचा पर्याय मांडला.

म्हणजे इथे आकाशातून आलेली हाक नाही. इथे सभा आहे, ठराव आहे, मतदान आहे आणि अल्पमतात पडलेला एक सभासद आहे. तो रात्री चोरून जात नाही. आई-वडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. यशोधरा झोपलेली नाही. ती ऐकते आणि त्याच्या निर्णयाला संमती देते. साच्याच्या कथेत बायको ही मागे सोडायची वस्तू असते. बाबासाहेबांच्या कथेत ती निर्णयातली भागीदार आहे.

पुढचा भाग तर साच्यात मुळीच बसत नाही. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना त्याला बातमी कळते की शाक्य-कोलियांचा समेट झाला. आता घरी परतायला काय हरकत? नायकाची कथा इथे संपायला हवी. पण सिद्धार्थ विचार करतो. दोन राज्यांचे युद्ध अधूनमधून होते. वर्गावर्गांतला संघर्ष मात्र रोजचा आहे, आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे. म्हणून तो परतत नाही. त्याचा शोध आता स्वतःच्या मुक्तीपुरता राहिलेला नाही. माणसे एकमेकांना दुःखात का लोटतात, हा त्याचा प्रश्न आहे.

काहीजण विचारतील, बाबासाहेबांनी ग्रंथात महामायेचे स्वप्न ठेवले, असित मुनी ठेवला, मारही ठेवला. मग साचा कसला मोडला? प्रश्न रास्त आहे. परंपरेतले काव्य त्यांनी सरसकट फेकून दिलेले नाही. पण कथा ज्या खिळ्यावर टांगली आहे तो खिळा म्हणजे गृहत्यागाचे कारण, आणि तो त्यांनी बदलला. कारण बदलले की अर्थ बदलतो. म्हातारपण आणि मरण पाहून निघालेला बुद्ध आपल्याला वैराग्य शिकवील. युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देऊन निघालेला बुद्ध आपल्याला विषमतेकडे पाहायला शिकवतो. पहिल्या बुद्धाची व्यवस्थेला काडीची अडचण होत नाही.

आपल्याकडे 'एकच नायक, चेहरे हजार' हा सिद्धान्त नवा नाही. त्याचे देशी नाव अवतारवाद. देव एकच, तो वेगवेगळ्या रूपांत येतो. मग बुद्धही त्याचाच नववा अवतार. विरोधकाला आपल्याच साखळीतली एक कडी करून टाकले की त्याचा विरोध आपोआप मिटतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त दशावतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या आणि विचारले, वामन नायक असेल तर पाताळात गाडलेला बळी कोण? शंबूकाचे शिर आणि एकलव्याचा अंगठा कोणत्या टप्प्यात धरायचा, कसोटी की पुनरागमन? म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा अर्थाची प्रतिज्ञा आहे. कॅम्पबेलचा हेतू ब्राह्मणी होता असे आम्ही म्हणत नाही. पण सगळ्या कथा एकच आहेत असे म्हटले की कोण कोणाविरुद्ध उभा होता, हा इतिहास पुसला जातो.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. दर १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांचे चरित्र कसे सांगतो? गोणपाटावर बसणारा मुलगा, सातासमुद्रापार शिक्षण, बडोद्यातला अपमान, मग परत येऊन राज्यघटना देणारा महामानव. प्रस्थान, कसोटी, पुनरागमन! यातली एकही घटना खोटी नाही. पण या मांडणीत आपण कुठे आहोत? आपण फक्त वरदान घेणारे.

महाड आठवा. तिथेही तंटा पाण्याचाच होता. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि कागदावरचा हक्क कागदावरच राहिला. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी परिषदेसाठी गावोगाव पायपीट केली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर त्यातल्या कित्येकांनी लाठ्याही खाल्ल्या. डिसेंबरमधल्या परिषदेत माणसे तुरुंगात जायला तयार होती. पण तळ्याचा वाद न्यायालयात गेला होता, म्हणून सत्याग्रह पुढे ढकलायचे ठरले. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. ठराव, परिषद, मार, कोर्ट आणि दहा वर्षांची वाट. हे कोणत्याही नायककथेत मावत नाही, कारण हा एका माणसाचा प्रवास नसून चळवळ आहे. रोहिणीच्या काठचा तंटा लिहिताना बाबासाहेबांच्या मनात चवदार तळे होते की नाही, यावर आम्ही भाष्य करणार नाही. पण महाडच्या वारसांना ती पाने वाचताना तळे आठवल्याशिवाय राहत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः याबाबत सावध केले होते. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी थोर माणसाविषयीचा आदर आणि त्याच्यामागे डोळे मिटून जाणे यांत फरक केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले. कॅम्पबेलचे पुस्तक निघाले तेच हे वर्ष. आणि त्यांच्या बुद्धाने तर आपल्या धम्मात स्वतःसाठी जागाच ठेवली नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. त्याने वारस नेमला नाही. धम्म हाच वारस.

वारस नेमला नाही याचा अर्थ काम सगळ्यांवर सोपवले. ज्याला नायकाची वाट पाहायची आहे, त्याला सभेला जावे लागत नाही. ग्रामसभेत, संस्थेच्या बैठकीत, विहाराच्या कमिटीत अन्यायाचा ठराव येतो तेव्हा तो मान खाली घालून बसतो आणि बाहेर येऊन म्हणतो, आज बाबासाहेब असते तर! सिद्धार्थ त्या सभेत एकटा उभा राहिला तेव्हा तो बुद्ध झालेला नव्हता. तो फक्त एक सभासद होता, आपल्यासारखाच.

पुढच्या रविवारी आम्ही कपाटातला ग्रंथ काढला, कापड बाजूला ठेवले आणि मुलांसमोर शाक्यांची सभा भरवली. एक मुलगी सेनापती झाली, एक मुलगा सिद्धार्थ. मतदान घेतले, तर बहुतेक हात युद्धाच्या बाजूने वर गेले. सिद्धार्थ झालेला मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मग आता मी काय करू?"

हाच तो प्रश्न. मित्रांनो, आपल्या विहारातला ग्रंथ कपाटातून काढा आणि मुलांना या प्रश्नापर्यंत आणून सोडा. उत्तर त्यांना शोधू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!